मांजराला अंगडे-टोपडे

घरातले मूल आणि घरातले मांजर यांच्यामधला सर्वांत जुना तंटा कोणता, असे कोणी विचारले तर मी अंगड्या-टोपड्याचे नाव घेईन. बाहुलीला नटवून झाले, धाकट्या भावाने रडून आपली सुटका करून घेतली, की मुलाची दृष्टी मांजराकडे वळते. पुढचा प्रकार श्रोत्यांस ठाऊक आहे. एक पाय बाहीत जातो न जातो तोच दुसरा बाहेर येतो. टोपडे कानांवर चढते आणि मागच्या मागे घसरते. आणि अखेर हातावर चार ओरखडे व पलंगाखाली फ्रॉक घातलेले मांजर एवढीच काय ती फलप्राप्ती होते. आता हा उद्योग मोठी माणसेही करू लागली आहेत. कुत्र्याच्या वाढदिवसाला टोपी, दिवाळीला जरीचे जाकीट, आणि समोर मोबाईलचा कॅमेरा! पोशाख बाजारात मापाबरहुकूम मिळतात. मिळत नाही ती फक्त ज्याला ते घालावयाचे त्याची संमती. हा विरोध कशासाठी? ‘हट्टी आहे, लाडावले आहे’ हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नव्हे.

आपण सकाळी सदरा चढवतो आणि काही क्षणांतच तो अंगावर आहे याचा आपल्याला विसर पडतो. जन्मल्या दिवसापासून दुपट्यात गुंडाळले गेलेल्या प्राण्याची ही सवय आहे. मांजराची गोष्ट निराळी. त्याच्या अंगावरचा केस म्हणजे नुसते पांघरूण नव्हे; केसाच्या मुळाशी स्पर्श टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. मिशा तर त्याहून सूक्ष्म. शिवाय मांजराच्या मिशा तोंडापुरत्याच असतात अशी आपली समजूत असते. पण पुढच्या पायांच्या मागल्या बाजूस, मनगटापाशी, तसेच ताठ केस असतात. पंजात धरलेले भक्ष्य अजून हालते आहे की नाही, हे त्यांवरून त्याला उमगते. फ्रॉकची बाही नेमकी याच केसांना दडपते. आपल्या मते ती बाही. मांजराच्या मते कोणीतरी मनगट धरून ठेवले आहे.

सैल कपड्याची तऱ्हा आणखी वेगळी. गुरांच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, हे आपण गोठ्यात पाहिले असेल. कातडीखालचा एक पातळ स्नायू हे काम करतो, आणि तो कुत्र्या-मांजरांनाही असतो. हलका, सरकता, गुदगुल्या करणारा स्पर्श म्हणजे कीटक, तो झटकून टाकावयाचा, हा शरीराचा फार जुना नियम आहे. झालर आणि फिती नेमका असाच स्पर्श करीत राहतात.

येथे एका फसगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कित्येक मांजरे कपडा चढताच झगडा थांबवतात आणि एका कुशीवर आडवी होतात; पाय ताठ, नजर स्थिर. घरची मंडळी म्हणतात, ‘पाहा, आवडले की तिला!’ पण ते आवडणे नसून थिजणे असते. पळता येत नाही आणि लढता येत नाही, तेव्हा अनेक प्राणी निश्चल होतात. हसण्याचा भर ओसरल्यावर मालकाने हे ओळखले नाही, तर पुढच्या खेपेस मांजर पलंगाखालून बाहेर येणार नाही, आणि ते कोडगे झाले असे आपण म्हणू.

कुत्रा अधिक सोशिक. म्हणून त्याच्यावर अन्यायही अधिक होतो. त्याचे नाही म्हणणे बारीक असते. नाकावरून पुनःपुन्हा जीभ फिरवणे, झोप नसता जांभया देणे, मान वळवणे, डोळ्याच्या कडेला पांढरे दिसणे. गुरगुरणे ही शेवटची पायरी. त्यातून उकाड्याचा प्रश्न आहेच. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरता; अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. बसक्या नाकाच्या पगसारख्या जातींना तेही धड जमत नाही. मे महिन्याच्या लग्नघरात अशा कुत्र्याला मखमली शेरवानी घालणे हा विनोद खासच नव्हे.

या कलेत ज्याने हयात घालवली, त्या हॅरी व्हिटियर फ्रीझ (१८७९–१९५३) या अमेरिकन छायाचित्रकाराचा दाखला बोलका आहे. पोशाख केलेल्या पिलांची त्याची चित्रे एकेकाळी पोस्टकार्डांवर आणि मुलांच्या पुस्तकांत घरोघर पोचली होती. चहा पिणारी, कपडे वाळत घालणारी, शाळेत जाणारी मांजरे! चित्रे सहज दिसतात. पण त्याने काढलेल्या काचांपैकी सुमारे दोनतृतीयांश फेकून द्याव्या लागत, आणि या कामाचा ताण असा, की वर्षातले तीनच महिने तो ते करी. ससा सर्वांत सोपा पण भूमिका थोड्या, डुक्कर सर्वांत अवघड, आणि मांजराचे पिलू खरे नट, असा त्याचा अनुभव होता. असला हातखंडा असलेल्या माणसालाही तीनांपैकी दोन वेळा नकारच मिळाला, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कधी कपडा आवश्यकच असतो. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून, किंवा विरळ केसांच्या कुत्र्याला थंडी बाधू नये म्हणून. तेव्हा घाई करू नये. पहिल्या दिवशी कापड नुसते हुंगू द्यावे आणि खाऊ द्यावा. मग क्षणभर पाठीवर टाकून लगेच काढावे. बाहीची वेळ त्यानंतर काही दिवसांनी. कापड मऊ, अंगाबरोबर, कान-मिशा-शेपटी मोकळी. प्राणी उठून गेला तर त्या दिवसाचा पाठ संपला.

आमचे शेतकरी हे शास्त्र कधीचे जाणतात. पोळ्याचा बैल पाहा. बाशिंग, गोंडे, घुंगुरमाळा, रंगवलेली शिंगे, वर झूल. एवढा साज मांजराच्या फ्रॉकाला लाजवील. तरीही बैल उभा राहतो. कारण गोऱ्हा होता तेव्हापासून अंगावर हात फिरवून घेण्याची त्याला सवय असते, आणि बाशिंग बांधणारा हात तोच, जो वर्षभर वैरण घालतो. आदल्या दिवशी खांदेमळण होते, जुवाने रापलेल्या मानेला हळद-तूप चोळले जाते. झुलीला बाही नाही की गुंडी नाही. ती पाठीवर सारखी पसरते, आणि सरकत्या स्पर्शापेक्षा असा स्थिर भार जनावर सहज सोसते. एखादा मारका बैल बाशिंगासाठी मान देतच नाही. मग समजूतदार धनी त्याच्या शिंगांना रंग लावतो, गळ्यात माळ घालतो आणि नैवेद्य मात्र पुरा देतो. त्याच्या मानात काही उणे होत नाही.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल घेऊन निघतात आणि हवे ते दागिने, हवे ते रंग, हव्या त्या फिती चढवतात. मुलांची हौस तेथे मनसोक्त फिटते, आणि घरचे मांजर ओट्यावर बसून निश्चिंतपणे ती मिरवणूक पाहत असते.