महानगरातले रेल्वे स्टेशन आणि आपला माणूस

1972 च्या दुष्काळात माझा बा मला घेऊन मुंबईला आला. जालन्याहून मीटरगेजची गाडी, मनमाडला उतरून मोठ्या रुळांची गाडी, आणि पहाटे बोरीबंदर. फलाटावर उतरल्यावर बाने नळाखाली ओंजळ धरली, पोटभर पाणी प्याला, इकडेतिकडे पाहिले आणि मला म्हणाला, "आरं, ह्या नळाला धनी न्हाई." गावच्या विहिरीला धनी होते. तिथे आम्ही वरून कुणी पाणी घालील म्हणून तासतासभर घागर ठेवून बसत असू. इथे पन्नास माणसे रांगेत होती आणि 'तू कोणाचा' असे कोणीही विचारत नव्हते.

ही आठवण परवा एका शिबिरात सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे सर, स्टेशनात जात नसते?" नसते म्हणावे तर खोटे, असते म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. रेल्वे कंपनी जात मोडायला आलेली नव्हती, ती भाडे मिळवायला आली होती. तिने माणसांची विभागणी केली ती पैशावर: पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोण शेजारी येईल याचा नेम नव्हता. सवर्णाने आपल्या मांडीला मांडी लागू दिली ती समतेच्या प्रेमाने नव्हे. गाडी सुटेल म्हणून. पाण्याचे मात्र त्याने सोडले नाही. स्वातंत्र्यापूर्वी स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगवेगळे मिळत असे. आपण त्यातल्या कुठल्या घड्यात बसत होतो, हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणी 1990 साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिकारूपाने छापल्या गेल्या. कार्यकर्त्यांनी ती वाचलेली असते, पण त्यातल्या तीन प्रसंगांची सुरुवात स्टेशनापासून होते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. 1901 साली भिमराव आणि त्याची भावंडे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. 'आम्ही महार' म्हणताच त्याचा चेहरा पालटला. पुढे एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतःच हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, राहायचे कुठे? पारशाच्या उतारवाड्यात पारशी नावाने राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढले. 1929 साली चाळीसगावला उतरले तेव्हा ते सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते, तरी टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतल्या ज्या माणसाने टांगा हाकला त्याला हाकता येत नव्हता. अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला.

तिन्ही ठिकाणी आगगाडीने त्यांना मुक्कामाला पोचवले. तिकीट चालले. पायऱ्या उतरल्याबरोबर तिकीट संपले आणि जात सुरू झाली. लहान गावाचे स्टेशन असे असते: आत तिकीट, बाहेर टांगा.

महानगराच्या स्टेशनाबाहेर टांगेवाला उभा नसतो. टॅक्सीवाला मीटर टाकतो, जात विचारत नाही. माझ्या बाला जे सुख वाटले ते खोटे नव्हते. पण जी छाननी गावात वेशीबाहेर व्हायची, ती इथे इमारतीच्या आत येऊन बसली आहे, आणि तिचा चेहरा इतका साधा आहे की ओळखू येत नाही.

इमारतच पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुतज्ज्ञाच्या आराखड्यावर बोरीबंदरच्या या वास्तूचे काम 1878 साली सुरू झाले आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1887 मध्ये, तिला राणीचे नाव मिळाले. 1996 साली ते नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, 2017 साली त्यात 'महाराज' जोडले गेले. युनेस्कोने 2004 साली तिला जागतिक वारसा ठरवले. पाहुणे बाहेर उभे राहून घुमट बघतात, दारावरचे सिंह-वाघ बघतात, आणि बघावेतच, मीही बघतो. भिंतींवर कंपनीच्या मोठ्या माणसांचे मुखवटे कोरले आहेत, नाना शंकरशेटांचेही शिल्प आहे. बोरघाटात एकेकाळी चाळीस हजारांवर मजूर डोंगर फोडत होते आणि त्यांच्यातले असंख्य पटकी-तापाने मेले. त्या कामावर कोण गेले असतील? ज्यांना जमीन नव्हती ते. त्यांचा चेहरा भिंतीवर शोधू नये.

आता आतला प्रवासी. तिसरा वर्ग 1974 साली कागदावरून गेला, पण जनरल डब्यात तो अजून बसून आहे. लांबच्या गाडीच्या जनरल डब्यासाठी माणसे तासन्‌तास आधी फलाटावर ओळीने, बोचके मांडीवर धरून बसतात. वरच्या वर्गाची प्रतीक्षागृहे तिकीट पाहून उघडतात, काही ठिकाणी तासावर पैसे मोजून गारवा मिळतो. उरलेल्यांना फरशी. फरशीवर बसण्याचे मला दुःख नाही, आपण जन्मभर जमिनीवरच बसलो. दुःख वेगळे आहे, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा चुलतभाऊ एका मोठ्या शहरातल्या स्टेशनच्या प्रतीक्षागृहात रात्री गाडीची वाट पाहत होतो. दोघांची नावे एकाच तिकिटावर. मी बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, हातात वर्तमानपत्र. तो खाली, धोतर गुडघ्यावर, उशाला पिशवी. पोलीस आला, काठी जमिनीवर आपटत फरशीवरच्यांना उठवू लागला. "तिकीट दाखव." बाकावरच्या एकालाही त्याने विचारले नाही. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, कारण तिकीट माझ्या खिशात होते. मी ते काढायला जेवढा वेळ लावला तेवढा लागत नव्हता. 'हा माझा भाऊ' हे शब्द लगेच तोंडातून आले नाहीत. त्या पोलिसाला आमची जात ठाऊक नव्हती, त्याने फक्त कपडे वाचले. जात मी वाचली होती, आणि दोन क्षण मी बाकाच्या बाजूला होतो. भाऊ पुढे त्याबद्दल कधी बोलला नाही.

म्हणून शिकलेल्या मुलांना मी सांगतो, शहर जात विचारत नाही याचा फार आनंद मानू नका. ते काय विचारते ते नीट ऐका.

आणि रुळ. डब्यातले शौचकूप वर्षानुवर्षे थेट रुळावर मोकळे होत होते आणि फलाटालगतच्या रुळांवरचा तो मैला झाडू-फावड्याने काढणारी माणसे कुठल्या वस्तीतली असत, हे त्यांना विचारायचीही गरज नव्हती. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणली. त्याच्या व्याख्येत रेल्वेचा रुळ स्पष्ट लिहिलेला आहे. पण तिथेच एक खुलासा जोडला आहे: सरकार ठरवील ती साधने आणि संरक्षक पोशाख वापरून हेच काम केले तर तो माणूस त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे हातमोजे दिले की प्रश्न मिटला! डब्यांना आता जैवशौचालये बसवली आहेत, ही मोठी सुधारणा आहे, नाकारू नये. पण सफाई ठेकेदाराकडे गेली आहे, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावरची आडनावे अभ्यासकांनी एकदा वाचून पाहावीत.

वर्षातले काही दिवस मात्र स्टेशन आपले असते. 6 डिसेंबरला दादरला लाखो माणसे उतरतात. विदर्भ-मराठवाड्यातून येणारा मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरतो, आणि चैत्यभूमी आहे पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. पूल ओलांडावा लागतो. पूल म्हणजे काय हे 29 सप्टेंबर 2017 ला कळले: एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. तेव्हा त्या दिवशी दादरच्या पुलावर उभे राहणारे आपले समता सैनिक दलाचे कार्यकर्ते शोभेचे नसतात. शहरातले लोक मात्र नाके मुरडतात, 'फुकटे आले' म्हणतात. मी स्वतः ऐकले आहे, लोकलमध्ये, माझ्याच शेजारी बसलेल्या माणसाकडून. त्याने माझाही शर्टच वाचला होता. या वेळी मी गप्प बसलो नाही. बसल्या जागी मी कोण ते सांगितले आणि खिशातले तिकीट काढून त्याच्या हातात दिले.

कार्यकर्त्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. डिसेंबर 2023 मध्ये दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले. पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्हींकडे एक नंबरचा फलाट होता. आता पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 पासून पुढे. जुन्या माणसांच्या डोक्यात जुने आकडे पक्के आहेत. परतीच्या वेळी एक आजी मला विचारत होत्या, "लेकरा, माझा एक नंबर कुटं गेला?" त्यांच्या गावची माणसे त्याच फलाटावर थांबणार होती. आम्ही दोघे पुलावरून आठ नंबरवर गेलो, तिथे निळे झेंडे गुंडाळून त्यांची माणसे ओळीने बसली होती, फरशीवर. मीही बसलो.