एकच गोष्ट अशक्य, बाकी सगळं खरं

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावं आहेत. घोटाळा होऊ नये म्हणून एकाच्या नावापुढे बाजार लागला, दुसऱ्याच्या नावापुढे रेल्वे. मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा आणि वर्ध्याच्या मधलं चांदूर रेल्वे हे नाव इथल्या कुणालाच विचित्र वाटत नाही. व्यंगचित्रकाराने मात्र ते शब्दशः ऐकलं, तर अख्खं गाव ओसरी-अंगणासकट रुळांवर उभं राहतं. असंबद्ध हास्यचित्राची सुरुवात अशीच होते: रोजच्या वापराने गुळगुळीत झालेली गोष्ट कुणीतरी पहिल्यांदा पाहावी तशी पाहतो. पण ती नुसती सुरुवात. एका चौकटीतलं असंबद्ध चित्र म्हणजे मनाला येईल ते काढण्याची मोकळीक, हा समज मला चुकीचा वाटतो. एक अशक्य गोष्ट ठरवायची आणि तिच्याभोवतीचं सगळं जग काटेकोर खरं ठेवायचं, ही या कलेची शिस्त आहे. ती मोडली की हसू येत नाही.

मराठीत या शिस्तीचा पहिला दाखला शि. द. फडणीसांचा. 1925 साली भोज इथं जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या चित्रकाराचं ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावरचं मुखपृष्ठ पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला गाजलं. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. आणि शेजारी येताच त्या छापील प्राण्यांना एकमेकांची जाणीव होते. चित्रात एकही शब्द नाही. जिवंत झाली आहे ती फक्त नक्षी. तरुण-तरुणी, त्यांची उभं राहण्याची ढब, त्यांच्यातलं संकोचाचं अंतर, हे सगळं नेहमीचं आहे, म्हणून नक्षीचं वागणं पटतं. तिथंच एखादा खांबही चालू लागला असता तर चित्र दुप्पट गमतीचं झालं नसतं, विस्कटलं असतं. याच फडणीसांनी शालेय गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली. एक गृहीत धरून त्याचा परिणाम नेटाने शेवटपर्यंत नेणं गणितात लागतं, तसंच इथंही लागतं.

शिस्त सुटली की काय होतं, हे अमेरिकेच्या गॅरी लार्सन यांच्या एका चित्रातून कळतं. 1980 ते 1995 ‘द फार साइड’ काढणाऱ्या लार्सननी 1982 मध्ये टेबलामागे उभी असलेली एक गाय काढली. टेबलावर चार ओबडधोबड वस्तू, खाली ‘गाईची अवजारं’ एवढाच मजकूर. वाचक बुचकळ्यात पडले, पत्रांचा पाऊस पडला. गाईने अवजारं केलीच तर ती अशीच ओबडधोबड होतील, एवढंच लार्सनना म्हणायचं होतं. पण त्यातलं एक अवजार करवतीसारखं दिसत होतं. ही चूक लार्सननी पुढे स्वतःच सांगितली. एक ओळखू आलं म्हटल्यावर उरलेली तीन काय असतील, हे लोक शोधत बसले. एका अर्धवट ओळखीच्या वस्तूने वाचकाला कोड्याच्या वाटेला लावलं.

हाच हिशेब चांदूर रेल्वेच्या तिकीट खिडकीवर मांडून पाहू. पोळ्याचा दुसरा दिवस. खिडकीसमोर दोन बैल मागच्या पायांवर उभे. आता निवड सुरू होते. झुली अंगावर ठेवायच्या की घडी करून काखेत? काखेत, प्रवासाला निघालेला माणूस चादर तशीच धरतो. शिंगांचा रंग ताजा हवा. झूल उतरल्यामुळे मानेवरचा जुवाचा घट्टा दिसायला हवा, कारण पोळ्याआधीच्या खांदशेकणीला तूप-हळदीने चोळलेली जागा तीच. तिकीट देणारा दचकलेला असावा का? मुळीच नाही. तो दचकला तर विनोद त्याच्या चेहऱ्यावर संपतो. तो सुटे पैसे मोजत असला, तरच ते जग बैलांना सामावून घेतं. मग खालची ओळ. पुढचा बैल म्हणतो, “बडनेऱ्याचे दोन. वापसीचे नाई पायजे.” यात आणखी एक शब्द घातला तर ते भाषण होईल.

कापूस-सोयाबीनच्या या मुलखात शेतकऱ्याच्या गळ्याशी आलेलं असताना असली चित्रं कशाला, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. राजकीय व्यंगचित्र दोषी कोण ते बोट दाखवून सांगतं. त्याची गरज आहेच. पण वर्षभर जू ओढून एक दिवस पूजा करून घेणाऱ्या बैलाला परतीचं तिकीट नको असतं, हे त्या बोटात मावत नाही. पाहणारा आधी हसतो, मग बैलाच्या जागी कोण उभं आहे ते त्याचं त्यालाच दिसतं. चित्रकाराने सांगितलेलं विसरता येतं, स्वतःला दिसलेलं सहसा विसरत नाही.

ही पद्धत परकी आहे, हा दुसरा आक्षेप. ती इथली आहे, याची साक्ष याच जिल्ह्यातलं रिद्धपूर देतं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गोविंदप्रभूंच्या लीळा नोंदवल्या. पुष्कळ लीळा अवघ्या काही ओळींच्या. लोक ज्याला वेडा म्हणत, त्या पुरुषाचं काहीतरी तर्काबाहेरचं वागणं आणि भोवती गावातली खरी घरं, खरी माणसं, खरं अन्न. अनेकदा उलगडा नाहीच. भक्तांना त्यात परमेश्वर दिसला, आणि तो हास्यचित्राचा विषय नव्हे. मांडणीचं नातं मात्र स्पष्ट आहे: एक प्रसंग, एक अतर्क्य कृती, आणि अर्थाचं काम ऐकणाऱ्यावर सोपवलेलं.

म्हणून नव्या चित्रकाराला कल्पना कुठून आणायची, यापेक्षा काय पाहायचं हे सांगावंसं वाटतं. अशक्य ते एका क्षणात सुचतं. जुवाचा घट्टा मानेवर नेमका कुठे पडतो, हे मात्र पोळ्याला बैलाजवळ उभं राहूनच कळतं, आणि तो बैल खिडकीशी आला हे पटतं ते त्या घट्ट्यामुळे.