सिगारेट सोडली, मूडचं काय?

सोमवारी सकाळी ठरवलंत, बस्स, आजपासून बंद. बॅगेच्या कप्प्यात उरलेल्या दोन सिगारेटी मोडून कचऱ्यात टाकल्या, लायटर कुणाला तरी देऊन टाकला. सोमवार भारी गेला. मंगळवारी डोकं जरा जड वाटलं. आणि बुधवारी? मेसमध्ये भाजी कमी वाढली म्हणून काकांवर आवाज चढवलात, प्रोजेक्टच्या ग्रुपवर ‘मला नाही करायचं’ असा मेसेज टाकून मोकळे झालात आणि रात्री काहीच कारण नसताना रडू आलं. शेवटी रूममेट वैतागून म्हणाला, ‘यार, त्यापेक्षा तू ओढत होतास तेव्हा बरा होतास!’

सिगारेट सोडायला निघालेल्या कित्येकांची गाडी नेमकी या वाक्यापाशी अडते. फुप्फुसं, खोकला, कॅन्सर हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण सोडल्यावर मन इतकं उतरेल, मिनिटामिनिटाला मूड बदलेल, हे सहसा कुणी आधी सांगत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी भलतीच शंका डोकं वर काढते. सिगारेटशिवायचा ‘मी’ असाच आहे की काय? चिडका, रडका, कशातच लक्ष नसलेला?

उत्तर आधीच देऊन टाकू. नाही. ते निकोटिन अंगातून उतरणं आहे. ताप उतरताना घाम फुटतो, तसंच काहीसं. आणि या उतरण्याला साधारण तारीख असते. ती माहीत असेल, तर बुधवारच्या रात्री तुम्ही टपरीच्या दिशेने निघणार नाही.

आधी चिमटा, मग फुंकर

धूर आत घेतल्यापासून साधारण १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. तिथे ते डोपामाइन नावाचं रसायन सोडायला लावतं आणि क्षणभर बरं वाटतं. हे रोज व्हायला लागलं की मेंदू त्या हिशेबाने स्वतःला बदलतो. निकोटिन जिथे जाऊन चिकटतं, त्या जागांची, म्हणजे रिसेप्टर्सची संख्या वाढते. जागा वाढल्या की त्यांची मागणीही वाढते.

आता गंमत बघा. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे सलग दोन लेक्चर्स झाली की आतून टोचायला सुरुवात. पाय हलायला लागतो, सर काय बोलतायत ते कळेनासं होतं, उगीच चिडचिड होते. मग बाहेर येऊन एक ओढली की हुश्श! आपल्याला वाटतं, सिगारेटने टेन्शन घालवलं. खरं तर त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. स्वतःच चिमटा काढायचा आणि स्वतःच फुंकर घालायची, असा हा धंदा आहे. फुंकर तेवढी आपल्या लक्षात राहते.

सोडल्यावर फुंकर थांबते, चिमटा मात्र काही दिवस राहतो. चिडचिड, अस्वस्थता, घालमेल, उदास वाटणं, लक्ष न लागणं, झोप न येणं आणि सतत भूक, ही निकोटिन सुटतानाची नेहमीची लक्षणं आहेत. डॉक्टरांच्या पुस्तकात ती याच यादीत सापडतात. म्हणजे तुमचं काही जगावेगळं चाललेलं नाही.

कॅलेंडर समोर ठेवा

पहिल्या २४ तासांत ही लक्षणं सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. मग हळूहळू उतार लागतो आणि बहुतेकांचा मूड दोन ते तीन आठवड्यांत, काहींचा थोड्या जास्त दिवसांत ताळ्यावर येतो. वाढलेले रिसेप्टर्सही पुढच्या काही आठवड्यांत कमी होत जातात. तलफ मात्र त्यानंतरही अधूनमधून येते. पण ती लाटेसारखी असते. येते, काही मिनिटं थांबते, ओसरते.

आणि पुढे काय? ब्रिटनच्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोडण्यापूर्वी आणि सोडल्यानंतर किमान सहा आठवड्यांनी लोकांचं मन कसं होतं, ते त्यात पाहिलं होतं. ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांचं नैराश्य, चिंता आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही हेच चित्र होतं.

म्हणून रूममेटचं ते वाक्य अर्धंच खरं आहे. तिसऱ्या दिवसापेक्षा तुम्ही आधी ‘बरे’ होतात, हे मान्य. पण तुलना करायचीच तर ती दोन महिन्यांनंतरच्या तुमच्याशी करायला हवी. तिसऱ्या दिवशी निकाल लावणं म्हणजे टॉस झाल्या झाल्या मॅच हरलो म्हणून मैदान सोडणं.

एक सोपी युक्ती करा. रोज रात्री झोपताना मोबाइलमध्ये आजच्या मूडला दहापैकी मार्क द्या. नुसता आकडा, बाकी काही लिहायचं नाही. मूड खालीवर होत असतो, तेव्हा ‘काहीच सुधारत नाहीये’ असं वाटतंच. तीन आठवड्यांचे आकडे एकाखाली एक बघितले, तर फरक नजरेला दिसतो.

कटिंगचा हिशेब बदलतो

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे आपलं यकृत कॅफिन वेगाने संपवतं. सिगारेट बंद झाली की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात जास्त कॅफिन राहतं. परिणामी छातीत धडधड, हात थरथरणं, घालमेल, रात्री टक्क जागं! आपण समजतो सिगारेट नाही म्हणून हे होतंय आणि स्वतःला सावरायला आणखी एक कटिंग मागवतो.

तेव्हा पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणा. संध्याकाळनंतर तर नकोच. सबमिशनच्या रात्री एनर्जी ड्रिंक ढोसत असाल, तर त्यालाही हाच नियम. झोप थोडी जरी सुधारली, तरी दुसऱ्या दिवशीची चिडचिड कमी होते. जेवणाच्या वेळाही सांभाळा. रिकाम्या पोटी तलफ आणि राग एकमेकांत इतके मिसळतात की काय होतंय ते कळत नाही. बॅगेत चणे-शेंगदाणे, बडीशेप, लवंग असलं काहीतरी ठेवा.

ती पाच मिनिटं सोडू नका

सिगारेटबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि तिचं दुःख खरं असतं. टपरीवरची पाच मिनिटं. लेक्चरच्या मध्ये उठून बाहेर पडायचं निमित्त, तिथला ग्रुप, एकमेकांची खेचाखेची. सगळे बाहेर जातात आणि तुम्ही वर्गात एकटे बसता, तेव्हा उदास वाटलं तर त्याचा दोष फक्त निकोटिनचा नाही.

म्हणून सिगारेट सोडा, ब्रेक सोडू नका. त्याच वेळी उठा, बाहेर पडा, फक्त दिशा बदला. जिना दोनदा चढून-उतरून या, कॅम्पसला एक फेरी मारा. थोडा वेळ झपाझप चाललं, तरी तलफेचा जोर कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलंय. मित्रांना सरळ सांगा, ‘दोन-तीन आठवडे टपरीवर येत नाही, कॅन्टीनला भेटू.’ जे खरे मित्र आहेत ते कॅन्टीनला येतील. आणि वीकेंडची पार्टी असेल, तर पहिले काही शनिवार टाळलेलेच बरे. दारू पोटात गेली की ‘आज एकच’ म्हणायला वेळ लागत नाही.

परीक्षेचं काय? पहिल्या आठवड्यात लक्ष लागत नाही, तेव्हा पेपरच्या दोन दिवस आधी मुहूर्त काढू नका. पण ‘एक्झाम झाली की सोडतो’ हे वाक्य दर सेमिस्टरला म्हणता येतं, हेही ध्यानात ठेवा. कॅलेंडरवर त्यातल्या त्यात मोकळे दोन आठवडे शोधा आणि तारीख लिहून टाका.

घरी काय सांगायचं?

आपल्यापैकी अनेकांची खरी अडचण इथे आहे. आपण ओढतो हेच घरी माहीत नाही, मग सोडली हे कसं सांगणार? मुलींसाठी तर हे आणखी अवघड. सिगारेटचं नाव निघालं, तर सोडल्याचं कौतुक बाजूला राहतं आणि चारित्र्यावरच प्रवचन सुरू होतं. मग आईने साधं ‘जेवतेस ना?’ विचारलं, तरी तोडून बोललं जातं. आई दुखावते, आपल्याला वाईट वाटतं आणि त्या वाईट वाटण्यावर आपल्याकडे एकच जुना उपाय असतो.

सगळं सांगायलाच हवं असं नाही. ‘आई, सध्या झोप नीट होत नाहीये, चिडचिड होतेय. तुझ्यावर राग नाहीये, थोडे दिवस सांभाळून घे,’ एवढं म्हटलं तरी पुरे. यात खोटं काही नाही. पण एका तरी माणसाला पूर्ण खरं सांगा. ताई, दादा, मैत्रीण, रूममेट, कुणीही. त्याला एवढंच सांगून ठेवा, की माझा मूड गेला तर मला ‘परत ओढ’ म्हणू नकोस, आज कितवा दिवस आहे ते विचार.

गम चालेल, व्हेप नाही

सगळं मनाच्या जोरावर निभावलं पाहिजे असं कुठे आहे? निकोटिन गम किंवा पॅचमुळे अंगातलं निकोटिन एकदम न तुटता हळूहळू उतरतं आणि मूडचे झटके सौम्य होतात. कुठला डोस आणि किती आठवडे, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. गम च्युइंगमसारखा चावत बसायचा नसतो. हळूहळू चावायचा, जिभेला झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, थोड्या वेळाने पुन्हा चावायचा. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर तो नीट लागू पडत नाही.

व्हेपचा शॉर्टकट मात्र नको. भारतात ई-सिगारेट बनवणं, विकणं, मागवणं यावर २०१९ पासून बंदी आहे. शिवाय त्यातही बहुतेक वेळा निकोटिनच असतं. मावा, खर्रा, तंबाखू यांचंही तेच. सिगारेट सोडून मावा धरला, तर फक्त टपरीवरची ऑर्डर बदलली.

आणि एखाद्या दिवशी ओढलीच, तर? तर एक ओढली, एवढंच. बहुतेकांना पहिल्याच फटक्यात जमत नाही. कधी, कुठे, कुणाबरोबर आणि कुठल्या मूडमध्ये ओढली, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी नेमकी तीच जागा सांभाळायची असते. ‘आता काय, गेलंच सगळं’ म्हणत पूर्ण पाकीट संपवायची गरज नाही.

इथे मात्र वाट बघू नका

सुरुवातीची उदासी सहसा येऊन-जाऊन असते. पण सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला असेल, झोप-जेवण पार बिघडलं असेल, तर ते नुसतं निकोटिन नसावं. डॉक्टरांना भेटा. आणि जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय असे विचार आले, तर दोन आठवडे मोजायचे नाहीत, त्याच क्षणी कुणाशी तरी बोला. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र सुरू असते.

नैराश्यासाठी किंवा दुसऱ्या मानसिक आजारासाठी गोळ्या सुरू असतील, तर सोडण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. कॅफिनसारखाच काही औषधांवरही धुराचा परिणाम होत असतो. सिगारेट बंद झाली की त्यांचा डोस बदलावा लागू शकतो. गोळ्या मात्र मनाने कमी-जास्त करू नका.

शेवटी एक नंबर. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी आपण कशी घेतो ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे पाकीट नीट वाचायची वेळच येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून त्या भीतीदायक फोटोबरोबर एक टोल-फ्री नंबर छापला जातोय, १८००-११-२३५६. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीची ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे. फोन उचलणारी व्यक्ती समुपदेशक असते. तिसऱ्या दिवसाची चिडचिड तिला नवी नसते. आत्ताच सेव्ह करून ठेवा, बुधवारी रात्री शोधत बसायला नको.