तंबोरा उतरतो, तसा मेंदूचा आलेखही!

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एखाद्या मराठी घरात कॉलेजातल्या मुलीला अचानक फिट येते, असे समजा. टाटीबंधच्या एम्समध्ये एमआरआय होतो. मेंदूत सुपारीएवढी गाठ! घरच्यांचा प्रश्न एकच, "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?"

फोटोत टीबीची गाठ आणि ट्यूमर कधीकधी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. टीबी बहुधा औषधांनी बरा होतो. ट्यूमरची वाट ऑपरेशनकडे जाते. अशा वेळी त्याच यंत्रावर स्पेक्ट्रोस्कोपी करतात. सुई न टोचता मेंदूतल्या रसायनांचा आलेख मिळतो. ट्यूमरमध्ये कोलीनचे शिखर वर चढते आणि निरोगी चेतापेशींची खूण असलेले एनएए खाली येते. टीबीच्या गाठीत चरबीचे शिखर ठळक दिसते.

एकाच हायड्रोजनचे सूर रसायनागणिक थोडे वेगळे लागतात, म्हणून हे साधते. १९५१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला साध्या अल्कोहोलमधून असे तीन वेगळे सूर टिपणाऱ्या तिघांत एक भारतीय होते, एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या शास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, हे नवलच.

पण हे सूर फार जवळजवळचे. तीन टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनची कंपने सेकंदाला सुमारे पावणेतेरा कोटी, आणि कोलीन व शेजारच्या क्रिएटीनमधले अंतर जेमतेम पंचवीस! तपासणी पाच-दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त चालते. त्याआधी धडधड आवाज करणारे वेगवान स्कॅन झाले असतील, तर यंत्रातले लोखंडी तुकडे तापलेले असतात. तपमान बदलले की चुंबकीय क्षेत्र किंचित सरकते आणि मैफलीत तंबोरा उतरावा तसे सगळे सूर हलतात. शिखरे पसरट होतात, बुटकी दिसतात. त्याहून वाईट म्हणजे कवटीबाहेरच्या कातडीतली चरबी आलेखात भलत्याच जागी झिरपते. चरबी म्हणजे तर टीबीची खूण! डोक्याच्या कातडीने मेंदूच्या गाठीची खोटी साक्ष द्यावी, असाच हा प्रकार.

यावर उपाय गवयाचाच, मध्येमध्ये सूर जुळवून घेणे. पाण्याचा संदेश सर्वांत बलवान, त्यामुळे तोच षड्ज. यंत्र ठरावीक वेळाने पाण्याचा सूर तपासते, तो किती सरकला ते मोजते आणि पुढच्या नोंदीआधी स्वतःला जुळवून घेते. राहिलेला फरक संगणक नंतर काढतो. प्रत्येक नोंद आधी जागेवर आणायची, मगच बेरीज करायची. पेशंटने मान हलवली तर मात्र हे गणित अवघड होते. म्हणून निश्चल पडून राहण्याचा आग्रह.

जाणकार तंत्रज्ञ आणखी एक साधी युक्ती करतात. यंत्र तापवणारे स्कॅन मागे ठेवून स्पेक्ट्रोस्कोपी आधी उरकतात. आणि आलेख स्वच्छ आला, तरी डॉक्टर केवळ त्यावर निकाल देत नाहीत. छातीचा एक्स-रे, रक्त, गरज पडल्यास गाठीचा तुकडा, हे सारे तपासल्यावरच त्या मुलीच्या आईला उत्तर मिळते.