एका टक्क्याचे किरण

"श्वास आत घ्या... रोखून धरा... हलू नका." एक्स-रेच्या खोलीतले हे तीन हुकूम आपण सगळ्यांनी कधी ना कधी मुकाट्यानं पाळलेले असतात. छाती गार फळीला टेकलेली, हनुवटी वर, खांदे पुढे. टेक्निशियन शिशाच्या काचेमागं जातो, बटण दाबतो आणि आपल्या पाठीमागच्या डब्यातून घरघर सुरू होते. पंखा एकदम पाचावर टाकावा तशी ती सेकंदभर चढत जाते. मग एक बारीकशी 'टिक' आणि लगेच, "झालं, सोडा श्वास."

क्ष-किरणांना आवाज नसतो. घरघर चढत असते तेव्हा तर ते निर्माणही झालेले नसतात. ते येतात त्या 'टिक'च्या वेळी आणि सेकंदाच्या एखाद-दोन शतांशांत येऊन जातात. मग आधीच्या सेकंदात डब्यात काय चाललेलं असतं? धातूची एक तबकडी गरगर फिरू लागलेली असते. पुढच्या क्षणी तिच्यावर असा मारा होणार असतो, की ती जागच्या जागी उभी राहिली तर तिचा पृष्ठभाग वितळेल. क्ष-किरण निर्माण करणं तसं अवघड नाही. अवघड आहे ती त्यांच्यासोबत येणारी उष्णता सोसणं. एक्स-रे नळीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा या सोसण्याचाच आहे.

नाव ठेवलं 'क्ष'

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म रोंटगेन हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत उच्च दाबाची वीज सोडत होते. नळी काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेली, खोलीत अंधार. तरीही नळीपासून दूर ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा उजळला. पुठ्ठ्यातून उजेड बाहेर पडणं शक्य नव्हतं. म्हणजे दुसरं काहीतरी बाहेर पडत होतं.

पुढचे सात आठवडे रोंटगेन यांनी प्रयोगशाळा सोडली नाही म्हटलं तरी चालेल. कागद, लाकूड, ॲल्युमिनियम, शिसं, जे हाताशी आलं ते त्यांनी वाटेत धरून पाहिलं. २२ डिसेंबरला पत्नी ॲना बर्था यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवून घेतला. बोटांची हाडं आणि त्यावरची अंगठी दाखवणारं ते चित्र जगभर गेलं. २८ डिसेंबरला निबंध सादर झाला. १९०१मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही.

हे किरण कशाचे, हे ठाऊक नव्हतं, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येचं अक्षर त्यांनी नावाला लावलं. आपण मराठीत तेच केलं. बीजगणिताच्या पुस्तकात 'एक्स'च्या जागी 'क्ष' होताच, तो किरणांनाही चिकटला. जर्मन लोक मात्र त्यांना रोंटगेन किरणच म्हणतात.

रोंटगेन यांच्या नळीत ऋणाग्रापासून निघालेले 'ऋणकिरण' समोरच्या काचेवर आदळत आणि जिथं आदळत तिथूनच नवे किरण निघत, हे त्यांनी नेमकं टिपलं. पण ऋणकिरण म्हणजे काय? ते इलेक्ट्रॉन आहेत, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७मध्ये दाखवलं. म्हणजे परिणाम आधी सापडला आणि त्याचं कारण दीड-दोन वर्षांनी.

गोटी आणि शिवाजी पार्क

इलेक्ट्रॉन धातूवर आदळला की आत काय घडतं, ते पाहायला टंगस्टनचा अणू घेऊ. आजच्या बहुतेक एक्स-रे नळ्यांत मारा झेलतो तो हाच धातू. त्याच्या केंद्रकात ७४ प्रोटॉन आणि भोवती ७४ इलेक्ट्रॉन. केंद्रक एक सेंटिमीटरच्या गोटीएवढं मानून शिवाजी पार्कच्या मध्यावर ठेवलं, तर अणूची हद्द शंभरेक मीटरवर येईल. मधलं मैदान जवळजवळ मोकळं.

इलेक्ट्रॉन या मैदानात वाटेल तिथं राहत नाहीत. त्यांची कवचं ठरलेली असतात. सर्वांत आतलं 'के', मग 'एल', मग 'एम' आणि पुढं. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकानं घट्ट धरून ठेवलेले, बाहेरचे सैल. एक व्होल्टचा उतार उतरताना इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते, ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या मापानं टंगस्टनचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ८ पुरतात, 'के' कवचातल्याला मात्र सुमारे ६९,५०० लागतात.

रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे आठवतात? सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला वरची पायरी चढवली की तो खाली परतताना साधारण २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाशकण सोडतो. तो आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. क्ष-किरण हे त्याच जातीचे प्रकाशकण आहेत, फक्त ऊर्जेनं हजारो पट मोठे. एवढी ऊर्जा अणूच्या अंगणातून मिळत नाही. त्यासाठी माजघरात शिरावं लागतं.

आदळल्यावर तीन वाटा

नळीत एक लाख व्होल्टचा दाब असेल तर ऋणाग्राकडून धनाग्राकडे झेपावणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं, सेकंदाला सुमारे १,६४,००० किलोमीटरनं टंगस्टनवर येतो. त्याच्यापुढं तीन वाटा असतात.

पहिली वाट बहुतेकांच्या नशिबी येते. मैदान मोकळं, गोटी इवलीशी, त्यामुळं केंद्रकाशी गाठ पडणं दुर्मीळ. पडते ती बाहेरच्या सैल इलेक्ट्रॉनांशी. आषाढीच्या गर्दीत घुसलेल्या माणसासारखा तो इकडं धक्का, तिकडं धक्का देत थोडी थोडी ऊर्जा गमावतो आणि शेवटी थांबतो. या धक्क्यांची होते उष्णता. आलेल्या ऊर्जेपैकी जवळपास ९९ टक्के याच वाटेनं जाते.

दुसरी वाट केंद्रकाजवळून जाणारी. ७४ प्रोटॉनांचा धनभार ऋणभारी पाहुण्याला जोरात ओढतो. त्याची वाट वाकते, वेग एकदम घटतो. विद्युतभाराची चाल अशी झटक्यात बदलली, की गेलेली ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर पडते, हा निसर्गाचा नियम आहे. जर्मन भाषेत या किरणांना 'ब्रेम्सश्ट्रालुंग' म्हणतात, म्हणजे ब्रेक लागल्यामुळं निघालेले किरण. कुणी दुरून गेला तर ब्रेक हलका, कुणी अगदी जवळून गेला तर करकचून. म्हणून या किरणांत लहानमोठ्या सगळ्या ऊर्जांची सरमिसळ असते. पण वरची मर्यादा पक्की. इलेक्ट्रॉनानं सगळीच्या सगळी ऊर्जा एका फटक्यात गमावली, तरी त्याच्याकडं होती त्याहून जास्त तो देणार कुठून? एक लाख व्होल्टच्या नळीतून एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचा कण निघत नाही. विल्यम ड्यूएन आणि फ्रँकलिन हंट यांनी १९१५मध्ये हे मोजून दाखवलं.

तिसरी वाट थेट 'के' कवचाची. इलेक्ट्रॉन पुरेशा जोरानं आला असेल तर तिथल्या एखाद्याला तो उखडून बाहेर फेकतो. रिकामी झालेली ती जागा क्षणभरही तशी राहत नाही. वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली उतरून ती भरतो आणि दोन कवचांमधला ऊर्जेचा फरक क्ष-किरण म्हणून सोडतो. टंगस्टनमध्ये तो बहुतांशी ५८ ते ५९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असतो. तांब्यात ८ हजार, मॉलिब्डेनममध्ये साडेसतरा हजार. ज्या मूलद्रव्याचा त्या मूलद्रव्याचा हा ठसा ठरलेला.

या ठशांचा माग आधी चार्ल्स बार्कला यांनी काढला. 'के' आणि 'एल' ही नावं त्यांचीच. याहून भेदक किरण पुढं सापडतील, त्यांच्यासाठी आधीची अक्षरं राखून ठेवावीत, म्हणून सुरुवात 'ए'पासून न करता मधूनच केली. ती राखीव अक्षरं तशीच पडून राहिली. १९१३-१४मध्ये हेन्री मोझली या तरुणानं एकामागून एक मूलद्रव्यांचे ठसे मोजले आणि प्रत्येक पुढच्या मूलद्रव्यात ठसा ठरावीक पायरीनं वर सरकतो, हे दाखवलं. आवर्तसारणीतला क्रमांक म्हणजे केंद्रकावरचा धनभार, हे त्यातून पक्कं झालं. ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत, हेही कळलं आणि ती मूलद्रव्यं पुढं सापडली. मोझली ते पाहायला नव्हता. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणांगणावर ऑगस्ट १९१५मध्ये तो मारला गेला. वय २७.

आता एक गंमत. हाताच्या पंजाचा एक्स-रे साधारण ५०-५५ हजार व्होल्टवर काढतात. 'के' इलेक्ट्रॉन उखडायला हवेत ६९,५००. म्हणजे पंजाच्या चित्रात टंगस्टनचा तो 'के' ठसा मुळी नसतोच. चित्र उमटतं ते सगळं ब्रेकच्या किरणांनी. छातीच्या एक्स-रेला लाखाच्या पुढचा दाब लावला तर ठसा उमटतो, पण तिथंही मोठा वाटा ब्रेकचाच. याउलट स्तनांच्या तपासणीत, मॅमोग्राफीत, मऊ ऊतींमधले बारीक फरक टिपायला कमी ऊर्जेचे किरण लागतात. म्हणून तिथं वर्षानुवर्षं मॉलिब्डेनमचं धनाग्र आणि २५ ते ३० हजार व्होल्टचा दाब वापरत आले.

दिव्याच्या कारखान्यातून आलेली नळी

सुरुवातीच्या नळ्या लहरी होत्या. त्यांत थोडी हवा मुद्दाम ठेवावी लागे, कारण तिच्याच रेणूंच्या माऱ्यानं ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटत. वापरता वापरता ही हवा नळीच्या भिंतींत मुरे आणि नळीचा स्वभाव बदले. काल दिलेला दाब आज पुरत नसे. किती किरण आणि किती भेदक, या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या.

ही गाठ सोडवली विल्यम कूलिज यांनी. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ते विजेच्या दिव्यांसाठी टंगस्टनची तार ओढण्याच्या खटपटीत होते. ठिसूळ टंगस्टनला लवचिक करण्यात त्यांना यश आलं आणि मग तीच तार त्यांनी एक्स-रे नळीत घातली. तार दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवली की उकळत्या पाण्यातून वाफ निघावी तसे इलेक्ट्रॉन तिच्यातून सुटतात. आता हवेची गरज उरली नाही, नळी पूर्ण निर्वात करता आली. १९१३मध्ये जाहीर झालेल्या या नळीत दोन कळा वेगवेगळ्या झाल्या. तार किती तापवायची यावर इलेक्ट्रॉन किती, म्हणजे किरण किती. दाब किती द्यायचा यावर किरण किती भेदक. टेक्निशियनच्या फलकावरचे केव्ही (दाब) आणि एमए (इलेक्ट्रॉनांचा प्रवाह) हे आकडे म्हणजे कूलिज यांनी सुट्या केलेल्या त्याच दोन कळा.

तबकडी का फिरते

आता उष्णतेचा हिशोब. एक लाख व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर म्हणजे ५० किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे २५ गीझर एकदम लावले तर जेवढी वीज खातील तेवढी. आणि हे सगळं येऊन पडतं मिलिमीटरभराच्या ठिपक्यावर. ठिपका मोठा करावा तर चित्र बिघडतं. ट्यूबलाइटच्या उजेडात हाताची सावली विरविरीत पडते, मोबाइलच्या टॉर्चमध्ये रेखीव, तसंच हे.

मग युक्त्या सुरू झाल्या. धनाग्राचा चेहरा तिरपा केला, म्हणजे मारा लांबट पट्ट्यावर पडतो, पण रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर तो पट्टा लहानसा ठिपका दिसतो. टंगस्टन निवडलं, कारण ते ३,४२२ अंशांपर्यंत वितळत नाही आणि त्याच्या केंद्रकाचा भार मोठा असल्यानं ब्रेकही जोरात लागतो. तरीही पुरेना, तेव्हा धनाग्रच फिरवलं. १९२९च्या सुमारास फिलिप्सनं फिरत्या धनाग्राची नळी बाजारात आणली. मिनिटाला ३,००० फेरे घेणारी तबकडी एका शतांश सेकंदात अर्धा फेरा घेते, म्हणजे मारा एका ठिपक्यावर न पडता अर्ध्या वर्तुळावर पसरतो. वेगवान नळ्यांत हे फेरे दहा हजारांच्या घरात जातात.

निर्वात नळीत तबकडी फिरवायची कशी? छताच्या पंख्याच्याच तत्त्वावर. वेटोळी काचेच्या बाहेर आणि फिरणारा भाग आत, मध्ये तारेचा संबंध नाही. बेअरिंगला तेल देता येत नाही, निर्वातात ते उडून जाईल, म्हणून चांदीसारख्या मऊ धातूचा लेप देतात. पाठीमागून येणारी ती घरघर याच फिरण्याची. त्याच सेकंदात तारही मंद लालीवरून पूर्ण तापते. दोन्ही तयार झाल्यावरच उच्च दाब लागतो, तीच 'टिक'.

निर्माण झालेल्या त्या एका टक्क्यातलेही बहुतेक किरण धनाग्रातच किंवा डब्याच्या शिशाच्या अस्तरात जिरतात. छोट्या खिडकीतून निघतात त्यांच्या वाटेत ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवलेला असतो. जे दुबळे किरण आरपार न जाता नुसते कातडीत मुरले असते, ते तो अडवतो. उरलेले आपल्यातून जातात. हाडातलं कॅल्शियम अधिक अडवतं, फुप्फुसातली हवा जवळजवळ काहीच नाही. या सावल्यांचा नकाशा म्हणजे आपला एक्स-रे.

"खोलीत किरण राहतात का हो?" असं अनेकजण बिचकत विचारतात. नाही राहत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच. नळीत किरणोत्सर्गी असं काही नसतं. इलेक्ट्रॉनांचा मारा थांबला की किरण संपले. जपायचं ते मारा चालू असलेल्या क्षणापुरतं. म्हणून टेक्निशियन काचेमागं जातो, सोबत आलेल्यांना बाहेर पाठवतात आणि गरोदरपणाची शक्यता असेल तर ती आधी सांगायची असते.

अनेक ठिकाणी सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी टेक्निशियन रिकाम्या खोलीत दोन-चार हलके एक्स-रे घेतो. फळीसमोर कुणी नसतं, चित्रही कुणी पाहणार नसतं. रात्रभर थंड पडलेल्या तबकडीवर एकदम पूर्ण मारा केला तर तिला तडा जाऊ शकतो, म्हणून तिला आधी जरा ऊब द्यायची. नव्याण्णव टक्क्यांची समजूत अशी रोज सकाळी काढावी लागते, तेव्हा उरलेला एक टक्का दिवसभर कामाला येतो.