नावानिशी आलेले नोकरीचे पत्र

नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळण्याचा व्यवसाय नवा नाही. पूर्वी वर्तमानपत्रातील जाहिरात किंवा गावोगाव फिरणारा दलाल हे त्याचे साधन होते. आता ते काम ई-मेलद्वारे होते. त्यातही अलीकडे एक महत्त्वाचा बदल झाला आहे. 'प्रिय उमेदवार' अशा मायन्याने हजारो जणांना सरसकट धाडलेल्या पत्रांच्या जोडीला आता उमेदवाराच्या नावाने, त्याच्या शिक्षणाचा व अनुभवाचा उल्लेख करणारी पत्रे येऊ लागली आहेत. तरुणांनी, तसेच अशी पत्रे ज्यांच्याकडे विश्वासाने वाचावयास आणली जातात त्या शिक्षकांनी व पंचायत सचिवांनी, हा प्रकार नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

समजा, डिचोली तालुक्यातील एका तरुणाने हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतली आहे, पणजीतील एका हॉटेलात दोन वर्षे काम केले आहे आणि क्रूझ बोटीवर नोकरी मिळावी म्हणून दोन-तीन संकेतस्थळांवर आपली माहिती नोंदविली आहे. एके दिवशी त्याला पत्र येते. त्यात त्याचे पूर्ण नाव, पदविकेचे वर्ष, हॉटेलातील हुद्दा, सारे बिनचूक असते. सोबत एका नामांकित कंपनीचे बोधचिन्ह, शिक्का व सही असलेले नेमणूकपत्र. पगार डॉलरमध्ये. घरातील मंडळींना वाटते, आपल्या मुलाविषयी इतके जाणणारा माणूस खोटा कसा असेल?

वास्तविक त्या पत्रात अशी एकही गोष्ट नाही, जी त्या तरुणाने स्वतः कोठे ना कोठे लिहून ठेवलेली नव्हती. पत्रलेखकाने त्याचाच अर्ज त्याला वाचून दाखविला, इतकेच. लिंक्डइनसारख्या ठिकाणची माहिती सर्वांना दिसते, नोकरी देणारा म्हणून खोटी नोंद करून अर्ज मागविता येतात आणि कोठून तरी फुटलेल्या माहितीच्या याद्या विकल्याही जातात. म्हणून पत्रात आपल्याविषयी काय लिहिले आहे यावरून पत्र पाठविणारा कोण, हे मुळीच सिद्ध होत नाही. कोणत्या जागेसाठी, कोणत्या तारखेस आपण अर्ज केला आणि मुलाखत कोणी घेतली, हे पाहावे. ज्या जागेसाठी अर्जच केला नाही, तिचे नेमणूकपत्र घरबसल्या येत नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर चार प्रश्न लिहून विचारले, म्हणजे मुलाखत झाली असेही समजू नये.

भाषेच्या चुकांवरून पत्र ओळखावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. तो आता पुरेसा राहिला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे भामट्यालाही निर्दोष इंग्रजी लिहून मिळते. उलट खऱ्या कचेरीच्या पत्रात दोन चुका आढळाव्यात, हे आपल्याला काही नवे नाही.

त्यापेक्षा पत्ता तपासावा. पाठविणाऱ्याच्या जागी दिसणारे नाव कोणालाही हवे ते ठेवता येते. त्यावर बोट ठेवल्यास किंवा ते उघडल्यास खरा पत्ता दिसतो. त्यातील 'ॲट'च्या चिन्हापुढील भाग महत्त्वाचा. कंपनीचा पत्ता 'कंपनी डॉट कॉम' असला, म्हणून 'कंपनी-करिअर्स डॉट कॉम' हाही तिचाच ठरत नाही. असे नाव थोड्या पैशांत कोणीही नोंदवू शकतो. इंग्रजी 'आर' व 'एन' ही अक्षरे शेजारी लिहिली की 'एम'सारखी दिसतात, याचाही लाभ घेतला जातो. शिवाय दिसणारा पत्ताही बनावट असू शकतो. 'उत्तर द्या' दाबल्यावर भलताच पत्ता पुढे आला, तर तेथेच थांबावे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पत्रातील दुवा किंवा दूरध्वनी क्रमांक न वापरता कंपनीचे संकेतस्थळ स्वतः शोधून तेथील क्रमांकावर चौकशी करणे.

यानंतर पैशाची मागणी येते. ती प्रथम लहान असते: वैद्यकीय तपासणी, व्हिसा किंवा 'परत मिळणारी अनामत'. या बाबतीत बोटीवर जाणाऱ्यांना नियमच मदतीस येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली आहे. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशी-पुस्तिका (सीडीसी) आणि पासपोर्ट यांचा खर्च त्याच्याकडे जाऊ शकतो. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाने सोसावयाचा असतो. म्हणजे बोटीवरील नोकरीसाठी व्हिसाचे पैसे मागणारे पत्र आपल्या लबाडीची साक्ष आपणच देते. आखाती व अन्य देशांतील जमिनीवरच्या नोकऱ्यांसाठी १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदणी झालेला एजंटच माणसे भरती करू शकतो. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी असून त्याने पावती देणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. कंपनीच्या नावे पत्र आणि पैसे मात्र कोणा व्यक्तीच्या खात्यात, हा प्रकार दिसल्यास अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही.

हानी केवळ पैशाची होते असेही नाही. आधार, पॅन व पासपोर्टच्या प्रती हाती लागल्यास त्या तरुणाच्या नावाने दुसऱ्याची फसवणूक होऊ शकते. आणि काही वेळा नोकरीच्या ठिकाणी खरोखरच नेले जाते. थायलंडमधील संगणकविषयक नोकऱ्यांच्या नावाखाली तरुणांना बेकायदेशीरपणे म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या माए सोट येथून हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. खोट्या नोकऱ्यांना भुलून गेलेल्या या लोकांना तेथे ऑनलाइन फसवणुकीच्याच कामाला जुंपण्यात आले होते.

पैसे गेले असल्यास लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तसेच पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदविता येते. मूळ ई-मेल रागाने पुसून टाकू नये, कारण तो कोणत्या मार्गाने आला याची नोंद त्यातच असते. 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' असे सांगणारे दुसरे पत्र त्यानंतर आले, तर तेही पोलिसांना दाखवावे.