शिष्यवृत्तीची भाषा

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंड दिले, म्हणून भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आश्रयाविना संशोधन होत नाही, हे तेव्हाही खरे होते. आज आश्रय मुबलक दिसतो. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. पण जिंतूर वा गंगाखेडच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान मराठीतून शिकलेल्याने ती मिळवावी कशी? तिच्यासाठी ‘नेट’ द्यावी लागते, आणि भाषाविषय वगळता तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीतच निघते. राज्याची ‘सेट’ मराठीतूनही देता येते. परंतु तिने प्राध्यापकपदाची पात्रता तेवढी लाभते, अधिछात्रवृत्ती नव्हे. म्हणजे मराठीतून शिकवावे. मराठीतून विचार करणाऱ्यास पोसण्याची तरतूद मात्र नाही! ‘नेट’विना मिळणारी अनुदान आयोगाची ८,००० रुपयांची मदत केंद्रीय विद्यापीठांपुरती आहे, परभणी ज्याच्या कक्षेत येते ते नांदेडचे विद्यापीठ राज्याचे. बार्टी, सारथी, महाज्योती यांचा आधार मोठा खरा, पण तो ठरावीक समाजगटांना, आणि जागाही मोजक्याच. ‘सेट’च्या गुणानुक्रमाने काही अधिछात्रवृत्त्या शासनाने का देऊ नयेत? परीक्षा होतेच आहे, गुणही लागतातच. अंदाजपत्रकात एक ओळ तेवढी वाढवावी लागेल.